निळ्या मण्याची जागा

रोहा,
१० नोव्हेंबर २०२३

सगुणाताईंना रोह्याच्या दत्तात्रेयचा नमस्कार.

महिपतीच्या तेराव्याला त्याच्या अष्टमी गावच्या घरी पंगतीला पाणी वाढताना ज्या टकल्या माणसाने तुमच्या पायांवर अर्धा तांब्या ओतला, तो मी. तुम्ही रागावला नाहीत. "मिठागरातले पाय हायेत, पाण्याला भीत नाय," एवढंच म्हणालात. तेव्हाच तुमच्याशी बोलायचं होतं, पण प्रसंग तसा नव्हता. फोन करावा तर महिपती नेहमी सांगायचा, ताईच्या कानातलं यंत्र फोनवर नुसती शिट्टी मारतं. म्हणून हे पत्र.

महिपती आणि मी इथल्या कंपनीत सव्वीस वर्षं एकाच शिफ्टला होतो. तो प्लांटवर, मी लॅबमध्ये. रिटायर झाल्यावरही रोज संध्याकाळी पाचला तो चहाला यायचा. तो गेल्यापासूनही पाचला माझ्या तोंडून "दोन कप टाक" असंच निघतं. मग आमची सौ. नमिता नुसती माझ्याकडे बघते आणि एकच कप आणून ठेवते. फार चुकल्यासारखं होतं हो.

आता मुद्द्याचं. मला जुन्या मण्यांचा नाद आहे. पूर्वी गलबतांमधून मालाच्या बदल्यात जे मणी देशोदेशी फिरायचे, ते. खंबायतचे अकीक दगडाचे, परदेशी काचेचे, बाहेरून लाल आणि पोटात पांढरे, राईएवढे पिवळे. पावसाळा संपला की मी रेवदंड्याच्या किनाऱ्यावर वाकून फिरतो. आठवड्याच्या बाजारात म्हाताऱ्यांच्या गळ्यांकडे बघतो म्हणून एकदा मार खाता खाता वाचलो. मणी ओठाला लावला आणि गार लागला तर काच, कोमट लागला तर प्लास्टिक, ही माझी पहिली परीक्षा. घड्याळजीकडे असतात तशा काचेच्या झाकणाच्या चारशे बारा डब्या माझ्याकडे आहेत. एका डबीत एक मणी आणि त्याचं एक कार्ड. नमिता त्यांना गोट्या म्हणते आणि वळूनही बघत नाही.

हा नाद मला महिपतीने लावला. १९९१ साली त्याने मला एक मणी दिला, बाकीचे चारशे अकरा त्याच्या मागून आले. तो म्हणायचा, "माझी ताई मिठागरात पायाने मणी शोधते." मी म्हणायचो, "थापा मारू नकोस." आता तो नाही, म्हणून तुम्हालाच विचारतो. हे खरं आहे का? असलं तर कसं, ते कृपा करून लिहाल का?

तुमचा,
दत्तात्रेय


धाकटी खार, ता. पेण,
२ डिसेंबर २०२३

दत्तूभाऊ,

महिपतीचे दोस्त तुमी, म्हणून भाऊच लिहिते. मी चौथीपर्यंत शिकले, अक्षर बघून हसू नका. हसलात तरी मला ऐकू येणार नाय.

महिपती थापा मारत नव्हता. पावसाळा सरला की आमी मिठागरातलं पाणी काढतो आणि वाफ्यांची माती पायाने तुडवतो. बायका ओळीने उभ्या राहतात. टाच मारायची, जरा सरकायचं, परत टाच मारायची. माती इतकी घट्ट झाली पाहिजे की वरचं पाणी खाली नाय गेलं पाहिजे, तरच मीठ पांढरं येतं. आता त्या मातीत खडा असला तर टोचतो. शिंपली असली तर कापते. मणी टोचत नाय नि कापत नाय. मणी बोटाखाली फिरतो. बारक्या पोराने बोट धरून सोडावं तसं वाटतं. सगळ्या बायका पुढे जातात, मी थांबते. मुकादम ओरडायचा, "सगुणे, झोपलीस काय?" मी म्हणायचे, "पायाने बघतेय, गप रहा."

म्हातारी माणसं सांगायची, कधी काळी खाडीत एक गलबत फुटलं, त्यातले मणी चिखलात पसरले. खरंखोटं देव जाणे. मला चाळीस वर्षांत एकशे सहा गावले. ज्या वर्षी गावले त्या वर्षीचे ओवायचे नि पुढे गाठ मारायची. नाय गावला त्या वर्षी नुसती गाठ. माझं लग्न, पोरं, पुरात घर गेलं ते, सगळं मी माळेवर बोट ठेवून सांगते. माळ आरशाजवळच्या खुंटीला असते.

त्या एकशे सहातले एकशे पाच हायेत. नव्वद साली एकच गावला होता, तसा परत नाय गावला. बोरापेक्षा मोठा. बाहेरून गर्द निळा, टोकाकडून बघितला तर आत पांढरी चांदणी, तिच्या पोटात लाल चांदणी. काढताना माझं फावडं लागलं नि कडेचा टवका उडाला, तेव्हा मी रडले होते. तो एक्क्याण्णवच्या भाऊबीजेला गेला. महिपतीचं नवं लग्न झालेलं, अनिता पहिल्यांदा आमच्याकडे आलेली. तिने माळ खुंटीवरून काढून गळ्यात घातली नि आरशात बघत होती. मी हाक मारली तशी तिने घाईने परत टांगली. दुसऱ्या दिवशी बघते तर दोन गाठींच्या मधली दोरी रिकामी. मी चार माणसांत बोलले, "नवरी हाताची चलाख दिसते." ती काय बोलली नाय. गेली ती परत माझ्या उंबऱ्याला आली नाय. बत्तीस वर्षं झाली. महिपतीच्या तेराव्यालाही ती चुलीजवळ नि मी पडवीत. ती जागा मी अजून रिकामी ठेवलीय.

महिपती मात्र दर भाऊबीजेला एकटा यायचा. आई गेली तेव्हा तो तीन वर्षांचा, मीच वाढवला त्याला. येताना रोह्याच्या दुकानातल्या करंज्या आणायचा. काय कड मुरडायचा तो हलवाई! यंदा ताट केलं, दिवा लावला नि लक्षात आलं की ओवाळायला कोण नाय. तेव्हा फार रडू आलं.

एक विचारते. महिपतीने तुम्हाला मणी दिला म्हणता. माझ्याकडून तर कधी नेला नव्हता. कोणता दिला ते तुमी लिहिलं नाय. लिहा.

सगुणा


रोहा,
८ डिसेंबर २०२३

अनितावहिनी,

पूल ओलांडून अष्टमीला तुमच्याकडे यायचं सोडून चिठ्ठी लिहितोय, कारण समोर बोलायला धीर होत नाही. नमिताच्या हाती पाठवतोय. तिला यातलं काही माहीत नाही.

सगुणाताईंचं पत्र आलंय. त्यांचा हरवलेला निळा मणी, ज्याच्यावरून तुम्हाला बोल लागला, तो माझ्याकडे आहे. माझ्या एक नंबरच्या डबीत बत्तीस वर्षं तोच आहे. चांदणी तीच, टवकाही तोच. देताना महिपती म्हणाला होता, "ताईने दिलाय, ठेव." मी विश्वास ठेवला. तुम्ही ताईंच्या उंबऱ्याला का जात नाही, हे त्याने कधी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

ताई विचारतायत, कोणता मणी दिला. खरं लिहिलं तर महिपतीचं नाव खराब होतं. नाही लिहिलं तर तुमच्यावरचा डाग तसाच राहतो. मी काय करू, ते तुम्ही सांगा.

दत्तात्रेय


अष्टमी,
९ डिसेंबर

भाऊजी,

मला माहीत आहे. तुम्हाला मणी देऊन आले त्या दिवशी ते जेवले नाहीत. खोदून विचारलं तेव्हा सांगितलं आणि खूप रडले. मी म्हटलं, ताईंना जाऊन सांगा. म्हणाले, सांगतो. मग दर भाऊबीजेला "यंदा सांगतो" म्हणून निघायचे आणि संध्याकाळी मान खाली घालून परत यायचे. मी म्हटलं, निदान भाऊजींकडून मागून आणा. तर म्हणाले, दत्ता त्या मण्याला किती जपतो, बघितलंस का?

मी गप्प राहिले ते भीतीने नाही. ताईंनी त्यांना आईच्या माघारी वाढवलं. वर्षातून एक दिवस ते परत त्यांचं लेकरू व्हायचे. खरं बाहेर आलं असतं तर तो दिवसही गेला असता. मी गेले नाही तरी माझ्या करंज्या जात होत्याच. दुकानातल्या आहेत असं ते सांगायचे, ते मला ठाऊक होतं. ताईंना आवडतात म्हणायचे, तेवढं मला पुरायचं.

आता गेलेल्या माणसाला कशाला उभं करता? लिहू नका. मला बोल अंगवळणी पडलाय.

अनिता


रोहा,
२० डिसेंबर २०२३

सगुणाताई,

तुमचं पत्र मी किती वेळा वाचलं ते मोजलं नाही. तीस वर्षं भिंग घेऊन मणी बघतोय, पुस्तकं वाचतोय, पण "मणी बोटाखाली फिरतो" हे मला कुणी सांगितलं नव्हतं. परवा मी परातीत ओली माती घेतली, त्यात दहा खडे आणि एक मणी टाकला आणि अनवाणी उभा राहिलो. दहाही वेळा खडाच सापडला. नमिता म्हणाली, "आता हेच बाकी होतं." ताई, तुमच्या पायांत जे आहे ते माझ्या डोळ्यांत नाही, हे मी कबूल करतो.

आणि ती गाठींची पद्धत! आम्ही संग्रह करणारे मणी आकाराने लावतो, रंगाने लावतो, जातीने लावतो. मणी कुठल्या वर्षी आपल्याकडे आला, त्या वर्षी आपल्या घरात काय चाललं होतं, हे कुणी ओवत नाही. तुमची माळ डोळ्यांनी बघायला मिळाली तर मी धन्य होईन.

तुम्हाला आवडेल म्हणून माझ्या सत्तेचाळीस नंबरच्या अकिकाबद्दल लिहितो. लांबट आहे, सहा पैलूंचा. उजेडात धरला तर चहाच्या तळाचा रंग, सावलीत धरला तर पिकल्या करवंदाचा. भोक दोन्हीकडून पाडत आणलेलं आहे आणि मधोमध किंचित चुकलंय, म्हणजे ज्याने पाडलं त्याचा हात अर्ध्यात थकला असावा. कडा माणसाच्या कातडीला घासून गुळगुळीत झाल्यात. एवढं गुळगुळीत व्हायला पाच-सहा पिढ्या तरी लागतात. तो हातात घेतला की त्या सगळ्या बायकांना एकदा नमस्कार करावासा वाटतो.

महिपतीने दिलेला मणी लाल काचेचा, साधा.

इकडे थंडी बरी पडलीय. तब्येतीला जपा.

दत्तात्रेय


धाकटी खार,
६ जानेवारी २०२४

दत्तूभाऊ,

परातीत माती तुडवलीत हे वाचून मी इतकी हसले की नात ऋतुजा धावत आली. अहो, खडे टाकून काय होतंय? आधी दहा वर्षं चिखलात उभं राहायला लागतं.

माळ बघायची म्हणालात ना, पाठवलीय. पोहे पापडाच्या डब्यात माझ्या लुगड्याच्या फडक्यात बांधली नि ऋतुजाने पेणच्या पोस्टात रजिस्टर केलीय. चाळीस वर्षांत ती घराबाहेर गेली नव्हती. पापड पण हायेत, ते खा.

भिंगातून सगळी बघा. नव्वद सालच्या दोन गाठी तुम्हाला कळतील, मधे दोरी मोकळी हाय. त्या जागेचं नीट माप घ्या. तुमच्याकडे चारशे बारा हायेत. त्यातला एखादा तिथे बसतो काय, बघून कळवा.

सगुणा


रोहा,
११ जानेवारी २०२४

सगुणाताई,

माळ पोचली. टेबलावर पांढरा कागद अंथरून त्यावर ठेवली आणि दोन तास मी तिला हात लावला नाही. एवढी अनमोल वस्तू तुम्ही पापडाच्या डब्यातून एका खोटारड्या माणसाकडे पाठवलीत.

हो, मी खोटारडा आहे. महिपतीने मला दिलेला मणी लाल नाही, साधा नाही. तो तुमचा निळा मणी आहे. काल तो त्या दोन गाठींच्या मधे नुसता धरून बघितला. टवक्याची बाजू शेजारच्या गाठीला लागून अशी बसली की मी तो परत डबीत ठेवलाच नाही.

आता सगळं सांगतो. त्या वर्षीची दिवाळी तोंडावर आली होती. महिपती नवा होता, परमनंट झाला नव्हता. दिवसाच्या शिफ्टला त्याचा डोळा लागला आणि टाकी भरून वाहिली. नोकरी गेल्यातच जमा होती. मी साहेबाला सांगितलं, "मी त्याला नमुना आणायला लॅबमध्ये बोलावलं होतं, चूक माझी." मला मेमो मिळाला, त्याची नोकरी राहिली. आठवड्याने, भाऊबीजेहून परत आल्यावर, तो निळा मणी माझ्या हातावर ठेवून म्हणाला, "ताईने दिलाय." ताई, त्याच्याजवळ द्यायला दुसरं काही नव्हतं. आणि खरं सांगू? आमच्यासारख्याला तो एवढं मोलाचं देतोय, याचाच मला अभिमान वाटला. कुठून आणला, हे विचारायचं सुचलंच नाही.

मी खोटं लिहिलं ते अनितावहिनींनी लिहू नका म्हटलं म्हणून. म्हणजे मी आता त्यांचाही शब्द मोडतोय. मोडायचंच ठरवलं, कारण माळ समोर असताना दुसरं काही सुचेना. वहिनींना पहिल्यापासून माहीत होतं. महिपतीने त्यांना रडत रडत सांगितलं होतं. तुमच्याकडचं त्याचं येणं बंद होऊ नये म्हणून त्यांनी चोरीचा आळ बत्तीस वर्षं अंगावर ठेवला. आणि करंज्या कुठल्या दुकानातल्या नाहीत. वहिनींच्या हातच्या आहेत.

महिपती वाईट नव्हता. दर भाऊबीजेला तुम्हाला सांगायचं म्हणून निघायचा. त्याला माफ करा. मला नाही केलंत तरी चालेल.

मणी डबीतून काढला तेव्हा वाईट वाटलं, हे लपवत नाही. माझ्या सगळ्या नादाचं मूळ तो होता. पण तो माझा कधीच नव्हता. दोन्ही पोस्टात टाकायला हात धजत नाही. तुम्ही सांगाल त्या दिवशी मी घेऊन येतो. उंबऱ्यावरून हाकललंत तर तिथूनच परत फिरेन.

दत्तात्रेय


धाकटी खार,
१७ जानेवारी २०२४

दत्तूभाऊ,

तुमी येऊ नका. माळ नि मणी अनिताकडे नेऊन द्या नि तिला सांगा, सगुणा येतेय. त्या दिवशी तिथे थांबू नका. बत्तीस वर्षांचं आमचं भांडण हाय, वेळ लागेल.

तुमचं खोटं मला तेव्हाच कळलं. एका अकिकावर तुमी अर्धं पान लिहिता, त्यात भोक पाडणाऱ्याचा हात थकला ते पण लिहिता. नि ज्या मण्याने तुम्हाला वेड लावलं त्याच्यावर एक ओळ? लाल काचेचा, साधा? अहो, तुम्हाला खोटं बोलता येत नाय, तुमी मणीच बघा.

पण आता माझं पण ऐका. त्या भाऊबीजेच्या संध्याकाळी मी मागच्या दाराने आत आले तेव्हा महिपती खुंटीपाशी उभा होता. मला बघून हात खिशात घातला. मी बघितलं होतं, दत्तूभाऊ. सकाळी दोरी रिकामी बघितली तेव्हा माझ्या मनाला सगळं ठाऊक होतं. पण त्याला मी मांडीवर वाढवलेला. त्याच्याकडे बोट करायला माझा हात उचलेना. नि अनिता परक्या घरची, कालची आलेली. तिच्यावर ढकलणं सोपं पडलं. मग दर वर्षी मी स्वतःला तेच सांगत गेले, इतकं की पुढे पुढे मला ते खरंच वाटायला लागलं.

तुमी कबूल केलंत म्हणून मला कबूल करायचं बळ आलं. माफी तुमी मागू नका. ती मला मागायची हाय.

सगुणा


अष्टमी,
२९ जानेवारी २०२४

भाऊजी,

तुम्ही शब्द मोडलात म्हणून मी तुमच्यावर दोन दिवस चिडले होते. आता नाही.

ताई शुक्रवारी आल्या. वडखळपासून नागोठण्यापर्यंत एसटीत मनात शब्द जुळवत होत्या, असं नंतर म्हणाल्या. मीही सकाळपासून काय बोलायचं ते ठरवत होते. दार उघडलं तर त्या उभ्या, घामाघूम, हातात पिशवी. आणि माझ्या तोंडून निघालं, "चपला बाहेर काढा, आत्ताच लादी पुसलीय." बत्तीस वर्षांनी पहिलं वाक्य हे! त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी यंत्र कानात नीट बसवलं आणि म्हणाल्या, "काय म्हणालीस गो? परत बोल. शिव्या असल्या तरी परत बोल." मग मला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं.

त्यांनी काही गुंडाळून सांगितलं नाही. "मी त्याला बघितलं होतं नि नाव तुझं घेतलं," असं सरळ म्हणाल्या. ते ऐकून मला फार लागलं, खोटं कशाला बोलू. आमचे हे चोरी लपवून होते, तेवढं मी सोसलं होतं. पण ताईंनाही माहीत होतं, हे मला माहीत नव्हतं. मी उठून आत गेले, भांडी घासत बसले. त्या हलल्या नाहीत. अंधार पडायच्या आधी माझ्याजवळ येऊन बसल्या आणि घासलेली भांडी एकेक पुसून पालथी घालायला लागल्या. मी नको म्हटलं नाही. शेवटची एसटी गेली. त्या राहिल्या. तीन दिवस राहिल्या.

मणी मी ओवावा असं त्यांचं म्हणणं होतं. मी म्हटलं, आत्ता नाही. तुमच्या घरी येईन तेव्हा. माळ आणि मणी त्या घेऊन गेल्यात.

अनिता


धाकटी खार,
२५ नोव्हेंबर २०२४

दत्तूभाऊ,

पत्राला उशीर झाला, पण लिहिण्यासारखं घडल्याशिवाय काय लिहू?

भाऊबीजेला अनिता आली. स्वतःच्या हाताने करंज्या घेऊन आली, नि मी सगळ्या गावाला वाटल्या. ज्यांच्या देखत मी तिला बोलले होते त्यातल्या दोघी अजून हायेत, ठमाबाई नि शकू. त्यांना बोलावून घेतलं नि सांगितलं, "माझ्या वहिनीने काय घेतलं नव्हतं, मी खोटं बोलले होते, ऐका नि चार घरी सांगा." ठमाबाई म्हणाली, "आता कशाला गो?" मी म्हटलं, "तेव्हा ऐकलंस ना? मग आता पण ऐक."

मग मोकळ्या जागी दोरी कापून निळा मणी अनिताने ओवला नि दोरी परत बांधली. चष्मा घालून, दोरीचं टोक तोंडात ओलं करून. बसला जागच्या जागी. मी माळ घेतली नि तिच्या गळ्यात घातली. ती मागे सरायला लागली, "ताई, नको, मला आता कुठे शोभतंय," म्हणून. मी तिचे खांदे धरून तिला आरशासमोर उभी केली नि म्हटलं, "नीट बघ. त्या दिवशी मी तुला पुरतं बघू दिलं नव्हतं." ती खूप वेळ बघत राहिली. काय सांगू दत्तूभाऊ, त्या आरशात मला बत्तीस वर्षं बोल खाऊन ताठ उभी राहिलेली बाई दिसत होती. मी चाळीस वर्षं मणी वेचले, पण घरातलं माणूस मला ओळखता नाय आलं.

ती गेली नाय, तुडवणीपर्यंत राहिली. माझे गुडघे आता चालत नायत, मी बांधावर बसून असते. ती बायकांच्या ओळीत उतरली. पहिल्या दिवशी दोनदा पडली. आठव्या दिवशी मधेच थांबली. मुकादम ओरडला तर तिथूनच म्हणाली, "गप रहा, पायाने बघतेय." मी बांधावरून टाळ्या वाजवल्या.

तिला गावलेला मणी सोबत पाठवलाय. तुमची एक नंबरची डबी रिकामी हाय म्हणून अनिता म्हणाली, तिथे ठेवा. जुना हाय की नवा, आम्हाला कळत नाय.

सगुणा


रोहा,
३ डिसेंबर २०२४

सगुणाताई,

मणी पोचला. ओठाला लावला, गार लागला. भिंगाखाली धरला. तुम्ही विचारलंत म्हणून खरं सांगतो, यापुढे तुम्हाला खोटं लिहायची माझी छाती नाही. हा कुठल्या गलबतातला नाही. हिरव्या काचेचा, कारखान्यात साच्यातून काढलेला, फार तर चाळीस वर्षांचा. जत्रेत अशा माळा मिळायच्या. कुणा पोरीची तुटली असेल. संग्रहाच्या हिशेबाने तो माझ्याकडच्या सगळ्यांत साधा मणी आहे.

त्याचं कार्ड आज लिहिलं, ते उतरवून पाठवतो. अनितावहिनींनाही वाचून दाखवा.

"डबी क्रमांक एक. काच, हिरवी. ठिकाण : धाकटी खार, मिठागर. सापडला : अनितावहिनींना, तुडवणीच्या आठव्या दिवशी, पायाच्या बोटाखाली. शेरा : हा मणी कोणत्याही मण्याच्या बदल्यात देणे नाही."

कार्ड लिहून डबीत ठेवलं तेव्हा पाच वाजले होते. मी सवयीने म्हटलं, दोन कप टाक. म्हटल्यावर जीभ चावली. नमिता दोन कप घेऊन आली, एक माझ्यापुढे ठेवला, दुसरा स्वतः घेऊन महिपतीच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "दाखवा बघू तो वहिनींचा मणी."

दत्तात्रेय